सोळा आण्यांचा घोडा

आमच्या कचेरीत घोड्याची मालकी आण्यांत सांगायचे. १९५७ साली दशमान पद्धत आली तेव्हाच आण्यांचा निकाल लागला होता, पण मालक मंडळी फोनवर विचारायची, "त्या नव्या घोडीत माझे चार आणे धरलेत ना?" चार आणे म्हणजे चौथा हिस्सा, आठ आणे म्हणजे निम्मी घोडी. महालक्ष्मी रेसकोर्सवर घोडे पळवणाऱ्या एका ट्रेनरकडे मी हिशेब लिहायचे. महिनाअखेरीला एकेका घोड्याचे बिल निघायचे: चंदी, वैरण, मोतद्दाराचा पगार, नालबंद, डॉक्टर, औषधे, ट्रेनरची फी आणि घोडा त्या महिन्यात पळाला असेल तर जॉकीची फी. खाली बेरीज. मग त्या बेरजेचे सोळा भाग करून ज्याच्या त्याच्या खात्याला टाकायचे. घोडा जिंकला की बक्षिसाचेही तसेच. फरक एवढाच, की बक्षीस कधीमधी यायचे आणि चंदी रोज लागायची.

मी गोराईची. बोरिवली पश्चिमेला नंबरांनी ओळखली जाणारी गोराईची वसाहत आहे ती नव्हे, खाडीपलीकडचे गाव. सकाळच्या होडीने बोरिवलीच्या धक्क्याला यायचे, तिथून स्टेशन आणि मग धीमी लोकल, कारण महालक्ष्मीला फास्ट गाडी थांबत नाही. डब्यात बाजूच्या बाईने कामाचे ठिकाण विचारले आणि "रेसकोर्स" सांगितले, की ती जरा सरकून बसायची. तिला वाटायचे मी तिकिटे फाडते. घोड्याला खायला लागते आणि त्या खाण्याचे बिल कुणालातरी लिहावे लागते हे तिच्या डोक्यात येत नसे. तिला तरी दोष कशाला? रेसचा इतिहास लिहिणाऱ्यांच्याही ते क्वचितच डोक्यात येते. ते महाराजांची नावे लिहितात, डर्बी जिंकलेल्या घोड्यांची लिहितात, चांदीच्या कपांची लिहितात. खतावणीच्या बाजूने पाहिले तर दुसरीच गोष्ट दिसते. सोळाही आणे एकाच्याच नावावर, आणि खर्चही तोच सोसतोय, असा घोडा सगळ्या काळात अपवादच होता.

ज्या जातीचे घोडे शर्यतीत पळतात ती थरोब्रेड जात इंग्लंडात तयार झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्वेकडून आणलेले तीन घोडे, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन, हे तिचे मूळपुरुष मानतात. १७९१ साली वेदरबी घराण्याने वंशावळीचे पुस्तक छापायला घेतले, आणि त्या पुस्तकात ज्याचे आईबाप नाहीत तो थरोब्रेड नाही असा नियम पुढे पक्का झाला. आज जगातल्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांची बापाकडची रेघ एक्लिप्स नावाच्या एका घोड्यापर्यंत जाते. तो १७६४ साली जन्मला आणि शर्यतीत कधीच हरला नाही. पण मला त्याच्यातले आवडते ते वेगळेच. डेनिस ओकेली नावाच्या आयरिश जुगाऱ्याने तो आधी निम्माच घेतला होता, साडेसहाशे गिनींना. उरलेला निम्मा घेताना त्याला अकराशे मोजावे लागले असे सांगतात. म्हणजे या जातीचा सगळ्यात मोठा बापच काही काळ आठ-आठ आण्यांचा होता, आणि दुसरे आठ आणे पहिल्यापेक्षा महाग पडले. भागी सोडवून घेणाऱ्याला नेहमी जास्त मोजावे लागते. हे महालक्ष्मीतही मी पुष्कळदा पाहिले.

आपल्याकडे घोड्यातली भागी इंग्रजांबरोबर आली असे कुणी म्हटले तर मात्र मला पटत नाही. शिवकाळात घोडदळ दोन तऱ्हांचे असे. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे, शिलेदार आपला घोडा आणि आपले हत्यार घेऊन येई. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे: २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी, आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. लढाईच्या गोष्टी सांगणारे हजारीवर थांबतात. माझ्यासारखीचे लक्ष पखालजी आणि नालबंद यांच्याकडे जाते, कारण पाणी आणि नाल हे खर्च घोडा लढो वा न लढो चालूच राहतात.

पुढे पेशवाईत शिलेदारीचे प्रमाण वाढले. एकेक शिलेदार पाच-दहा घोडी बाळगी, त्यांतल्या एकावर स्वतः बसे आणि बाकीच्यांवर आपले बारगीर बसवी. घोडा एकाचा, मांड दुसऱ्याची, आणि पगार दोघांत वाटलेला. मोहिमेच्या आधी शिलेदाराला नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे. तिच्यातून नाल, खोगीर आणि जनावराची डागडुजी व्हायची. पण रणात घोडा पडला तर? भरपाईवरून तंटे होत, आणि पुष्कळदा तो तोटा शिलेदाराच्या घरावर येई. मराठे समोरासमोर धडक द्यायला कचरतात असे इंग्रज लेखकांनी लिहून ठेवले आहे. मला त्यात भ्याडपणा दिसत नाही. ज्याची सगळी पुंजी चार पायांवर उभी आहे आणि तिच्या नुकसानीत दुसरा कुणी वाटेकरी नाही, तो ती पुंजी तोफेच्या तोंडी कशाला देईल?

या अडचणीवरचा तोडगा पुढे इंग्रजांच्या देशी रिसाल्यांत दिसतो. १८१७ च्या पुण्याच्या तहानंतर पेशव्याच्याच पैशाने इंग्रजांनी जे घोडदळ उभे केले त्यातून पुढे 'पूना हॉर्स' हा रिसाला झाला. या रिसाल्यांत शिलेदारीची पद्धत चालू राहिली, पण हिशेबात बसवून. भरती होणारा स्वार घोडा आणी किंवा घोड्याची रक्कम भरून आपली असामी घेई. नोकरी सोडताना ती रक्कम परत मिळे. शिवाय प्रत्येकाच्या पगारातून दरमहा थोडे पैसे चंदा म्हणून कापले जात, आणि कुणाचा घोडा मेला की त्या चंद्यातून त्याला दुसरा मिळे. पाचशे स्वारांनी एकमेकांच्या घोड्यांचे ओझे थोडे थोडे उचललेले. मी ज्या भागीदारांचे हिशेब लिहिले त्यांच्यातल्या एकालाही हा चंदा ठाऊक नव्हता, पण घोड्याच्या विम्याच्या रकमेवरून ते जे वाद घालायचे त्यांतली एकही तक्रार रिसाल्यातल्या एखाद्या दफेदाराला नवी वाटली नसती. पहिल्या महायुद्धात एकदम हजारो घोडे लागले, तेव्हा ही घरगुती पद्धत पुरी पडेना, आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली.

त्या स्वारांखालची जनावरे कोणती होती? भीमा आणि नीरेच्या खोऱ्यांतली भीमथडी तट्टे हे मराठ्यांच्या घोडदळाचे बळ. अंगाने लहान, पण थोड्या वैरणीवर लांब पल्ला मारणारी. इंग्रजांना ती बुटकी वाटत. कंपनी सरकारने शिरूर भागात आळेगावला स्टड काढून मोठी पैदास करून पाहिली, पण तो उद्योग टिकला नाही. भीमथडी मात्र धनगरांच्या वाड्यांबरोबर फिरत टिकून राहिली, आणि अलीकडे राष्ट्रीय संस्थेने तिला स्वतंत्र जात म्हणून नोंदवले. पुण्याची थरोब्रेडची स्टड फार्म आणि ही तट्टे एकाच मुलखात वाढली. त्यांचे रक्त मात्र कधी मिसळले नाही. वंशावळीच्या पुस्तकाने ती वाट बंदच करून टाकली आहे.

मुंबईत घोडा आला तो समुद्रातून. एकोणिसाव्या शतकात बसरा आणि आखातातल्या बंदरांतून अरबी घोडे बगल्यांत घालून मुंबईला उतरवत, आणि अरब व्यापाऱ्यांचे तबेले भेंडीबाजाराच्या बाजूला होते. लष्करासाठी ऑस्ट्रेलियातून वेलर घोडे येत. शर्यती आधी भायखळ्याला भरत, मग १८८३ साली महालक्ष्मीच्या दलदलीत भर टाकून मेलबर्नच्या कॉलफील्डच्या धर्तीवर नवे रेसकोर्स झाले. सुरुवातीच्या शर्यतींत अरबी घोड्यांचा बोलबाला होता. पहिला आगाखान इराणातून येऊन मुंबईत स्थायिक झाला तो घोड्यांचा शौक बरोबर घेऊनच. त्याचा नातू, तिसरा आगाखान, याने आधी इथल्या आणि पुण्याच्या मैदानांवर घोडे पळवले आणि मग इंग्लंडात जाऊन पाच वेळा एप्सम डर्बी जिंकली: १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२.

त्यातली १९४८ ची डर्बी खतावणीच्या नजरेने बघण्यासारखी आहे. 'माय लव्ह' हा घोडा पॅरिसच्या लिओन व्होल्टेरा याने पैदा केला होता आणि डर्बीच्या थोडे आधी त्याने निम्मा हिस्सा आगाखानाला विकला. घोडा आगाखानाच्या रंगात पळाला, म्हणून नाव आगाखानाचे झाले. आणखी एक गंमत अशी, की दुसरा आलेला 'रॉयल ड्रेक' व्होल्टेराचाच होता. एका शर्यतीत पहिला घोडा आठ आणे आपला आणि दुसरा पूर्ण आपला, असा हिशेब लिहायला मला आवडला असता. आगाखानाचे आधीचे विजेतेही पुढे भागीतच गेले. ब्लेनहाइम १९३६ साली अमेरिकेतल्या ब्रीडरांच्या एका गटाने मिळून घेतला, आणि त्याचा मुलगा व्हर्लअवे याने १९४१ साली तिथले तिन्ही मानाचे किताब जिंकले. बहराम १९४० साली तसाच एका गटाकडे अमेरिकेला गेला. वळू घोडा म्हणून ज्याचे मोल सगळ्यात जास्त, तो एकट्याला परवडत नाही. त्याचे हिस्से पाडले की दरवर्षी प्रत्येक हिस्सेदाराला आपली एक घोडी त्याच्याकडे पाठवता येते. केंटकीत हे गणित मोठे झाले. मूळ मात्र ओकेलीचेच.

या सगळ्यात एक घोडा आपल्या मराठी माणसांनी विसरू नये असा आहे. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली डॉनकास्टरच्या लिलावात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना घेतले. त्या काळचा तो उच्चांक होता. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. प्रतापसिंहरावांनी शिंगराला आपल्या आजोबांचे नाव दिले: सयाजीराव. त्याने १९४७ साली आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. इंग्रज प्रेक्षक "सयाजीराव, सयाजीराव" म्हणून ओरडत असतील तेव्हा त्यांच्या जिभेची काय गत झाली असेल, या कल्पनेने मला आजही हसू येते. हा घोडा मात्र खरोखरच सोळा आणे एकाचा होता. पण त्यासाठी मागे एक संस्थान लागत होते, आणि दोन-तीन वर्षांतच ते संस्थान उरले नाही.

हिंदुस्थानात जन्मलेल्या घोड्यांना किंमत आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. जहाजांत जागा मिळेना, इंग्लंडातून आणि ऑस्ट्रेलियातून घोडे येईनात. शर्यती तर चालू ठेवायच्या होत्या. मग इथल्या पैदाशीसाठी मानाच्या शर्यती ठरल्या आणि १९४३ साली महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली. ती 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने जिंकली. घोडीचे मालक बडोद्याचेच महाराज, आणि पाठीवर ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट, जो पुढे 'सयाजीराव'वरही बसला. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरची बंधने आली, आणि जे युद्धाने सुरू केले ते सरकारी धोरणाने पक्के केले. शर्यतीचा घोडा हवा असेल तर तो इथेच जन्मला पाहिजे. १९४६ साली पूनावाला घराण्याने पुण्याला स्टड फार्म काढले. येरवडा, मांजरी, मावळातले नाणोली ही नावे रेसच्या पुस्तकांत घोड्याच्या नावाखाली दिसू लागली.

पुणेच का, याचे उत्तर सगळे हवेत शोधतात. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, हवा कोरडी आहे, मुंबईसारखा घाम नाही, हे खरेच. ब्रीडर मंडळी चुनखडीच्या खड्यांनी भरलेल्या जमिनीबद्दलही बोलतात, त्या चाऱ्याने शिंगराचे हाड भक्कम होते म्हणतात. पण नुसत्या हवेने स्टड फार्म होत असते तर सासवडपासून साताऱ्यापर्यंत ती सापडली असती. माझ्या मते खरे कारण पाटाचे पाणी. १८७० च्या दशकात खडकवासल्याच्या धरणातून मुठेचा उजवा कालवा हडपसर, मांजरी, लोणी असा पूर्वेला नेला, आणि त्या पट्ट्यात बारमाही लसूणघास निघू लागला. ऊसही त्याच पाण्यावर झाला. दूध पाजणारी घोडी आणि तिचे वाढते शिंगरू यांना वर्षभर हिरवा लसूणघास लागतो. एप्रिल-मेमध्ये तो फक्त पाटाखाली मिळतो. त्यातच खडकीची छावणी, लष्कराचे पशुवैद्य, आणि लष्कराच्या जमिनीवरचे पुण्याचे रेसकोर्स. पावसाळ्यात रेस पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला, आणि दोन्हींच्या मध्ये एक घाट. भारतात जन्मणाऱ्या प्रत्येक थरोब्रेड शिंगराची नोंद करणारी स्टड बुक कचेरीसुद्धा पुण्यातच आहे.

स्टड फार्मचे वर्ष कसे चालते ते माझ्या कामात मला कळत गेले, कारण भागीदार घोडीच्या खर्चाबद्दल विचारत आणि मला उत्तरे द्यावी लागत. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते आणि वर्षाला एकच शिंगरू देते. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी वळू घोड्याकडे न्यावीच लागते, तेही साक्षीने आणि नोंदीने. १ जानेवारीला सगळ्या शिंगरांचे वय एकदम एक वर्षाने वाढते, मग ती जानेवारीत जन्मली असोत की मेमध्ये. म्हणून ब्रीडरची धडपड असते की शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच जन्माला यावे. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, चार वर्षांच्या घोड्यांची, २,४०० मीटरची. घोडी वळूकडे नेल्यापासून तिच्या शिंगराची डर्बी यायला जवळजवळ पाच वर्षे जातात, आणि तोवर फक्त खर्च. कर्जावरही पाच वर्षे काढता येतात, पण बँक घोडीवर कर्ज देत नाही. मग भागीदार गाठायचा. कुणाची घोडी, कुणाचा वळू. शिंगरू विकले की निम्मे-निम्मे, नाहीतर एक शिंगरू तुमचे, पुढचे आमचे.

पूनावालांच्या फार्मवरून एक वेगळीच वाट फुटली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. शर्यतीतून आणि पैदाशीतून बाद झालेली घोडी ते परळच्या हाफकिन संस्थेला देत. तिथे घोड्याच्या अंगात विष किंवा जंतूंचे विषद्रव्य थोडे थोडे टोचत. घोड्याचे रक्त त्याला उतारा तयार करी, आणि त्या रक्तातून सर्पदंशाची, धनुर्वाताची औषधे बनत. हे घोडे आपण दुसऱ्याला देतो, तर औषध आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट काढली. मोठ्या उद्योगांच्या गोष्टी सांगताना लोक मालकाची हिंमत सांगतात. मी त्यात पागेतल्या म्हाताऱ्या घोड्यांचे रक्तही धरते.

१९७१ साली तनखे बंद झाले आणि महाराजांची जागा गिरणीवाले, कारखानदार, बिल्डर, हिरेवाले यांनी घेतली. त्यांच्यातही एकटा खर्च उचलणारे थोडेच. आमच्या कचेरीत येणाऱ्या माणसांत दोन डॉक्टर होते, एक मसाल्याचा व्यापारी, एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि एक बाई, ज्यांनी यजमान गेल्यावर त्यांचे दोन आणे मोडले नाहीत. मालक म्हणून रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबची मंजुरी घ्यावी लागते, भागीची नोंद करावी लागते, आणि माणसे वाढली की सिंडिकेट. पण मैदानावर जॉकीच्या अंगावर रंग एकाचेच. बाकीचे पॅडॉकमध्ये त्या एकाभोवती उभे राहतात आणि घोड्याच्या कानाकडे, शेपटीकडे, नालाकडे ज्ञानी नजरेने बघतात. बरेच जण जन्मात कधी घोड्यावर बसलेले नसतात. मला त्यांचे हसू आले तरी त्यांचा आनंद खोटा नव्हता. घोडा शेवटच्या वळणावर सुटला की दोन आणेवाला आठ आणेवाल्याइतकाच ओरडतो.

भांडणे मात्र आण्यांच्या प्रमाणात होत नसत. चार आणेवाला म्हणायचा घोडा पुण्याला पाठवू, दोन आणेवाला म्हणायचा विश्रांती देऊ, आणि मधल्या मध्ये ट्रेनर आपले तेच करायचा. घोडा जिंकेनासा झाला की बिले थकायची. पहिला थकतो तो सगळ्यात मोठा हिस्सेदार. त्याची चार आण्यांची थकबाकी लहान हिस्सेदार आपल्या दोन आण्यांतून कशी भरणार? अशा महिन्यांत मला घरचा हिशेब आठवायचा. गोराईच्या जेट्टीपासून चौपाटीपर्यंत बाबांचा टांगा होता आणि त्याचा घोडा निम्मा आमचा, निम्मा शेजारच्या अंकलचा. रेसकोर्सवरून बाद होऊन चार हातांतून फिरत तो आमच्याकडे आला होता, उंच, सडपातळ, वाळूतून गाडी ओढायला अगदी नालायक. रविवारी चौपाटीची गिऱ्हाइके भरपूर, त्या दिवसाची कमाई निम्मी-निम्मी. पावसाळ्यात होड्यांचा भरवसा नाही, गिऱ्हाईक नाही, तरी चंदी निम्मी-निम्मी. बाबांनी आणि अंकलनी कधी कागद केला नाही. दोघांना एकमेकांच्या घरात काय शिजते ते ठाऊक होते, एवढाच त्यांचा करार. पुढे गावात रिक्षा आल्या आणि टांगे कमी झाले, तसा घोडा वसईकडे कुणाला तरी देऊन टाकला. महालक्ष्मीच्या भागीदारांना एकमेकांचे घर माहीत नसे. म्हणून त्यांना कागद लागत.

आता त्या मैदानाचीही भागी झाली आहे. महानगरपालिकेने दिलेला भाडेपट्टा २०१३ साली संपला होता, आणि २०२४ साली १२० एकर जागा उद्यानासाठी पालिकेकडे गेली, ९१ एकर क्लबकडे राहिली. तिकिटावरच्या कराचेही ओझे आहे. घोड्यांवर पैज लावणे कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात म्हटले खरे, पण २०१७ साली पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू-सेवा कर बसला, आणि बक्षिसांचे पैसे मुळात पैजेतल्या क्लबच्या कपातीतूनच येतात. पैज आटली की बक्षीस आटते, बक्षीस आटले की मालक आटतो, आणि मालक आटला की मांजरीच्या शिंगराला गिऱ्हाईक राहत नाही. पाटाच्या पाण्यावर आज तिथे सोसायट्या उभ्या राहत आहेत, त्या काही कराने आणल्या नाहीत. पण कराने त्यांना वाट करून दिली असे मला वाटते.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी भागीच्या कागदात एक ओळ घालायला लागले. ट्रेनरची हरकत नव्हती. घोडा पळेनासा झाला आणि त्याला रायडिंग स्कूल किंवा दुसरे ठिकाण मिळेपर्यंत वेळ लागला, तर तोवरची चंदी-वैरण सगळ्यांनी आपापल्या आण्यांप्रमाणे भरायची, असे तिच्यात होते. बहुतेकांनी न वाचता सही केली. मसाल्याच्या व्यापाऱ्याने वाचली, दोनदा वाचली आणि म्हणाला, "बाई, हे आमच्या धंद्यात नाही चालत, माल संपला की खाते संपते." त्याने ती ओळ खोडली. ते ऐकून त्या विधवा बाईंनी त्याचे दोन आणे त्याच आठवड्यात विकत घेतले, आणि त्याने मागितलेल्या भावापेक्षा थोडे जास्तच दिले.